वंश पाहून औषध? कालच्या पोस्टला उत्तर

रामबागकर
काल येथे एका सदस्याने लिहिले की, अमेरिकेने २००५ मध्ये 'बायडिल' हे हृदयाचे औषध केवळ कृष्णवर्णीयांसाठी मंजूर केले, तशी आपल्याकडेही समाजवार औषधे असावीत. बायडिल म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि हायड्रॅलझिन, दोन्ही जुनी औषधे. हेच मिश्रण १९९७ मध्ये नाकारले गेले होते. पुढे १,०५० रुग्णांवर चाचणी झाली आणि ते सगळे स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणारे होते. ज्या चाचणीत गोरा माणूस एकही नाही, तिच्यावरून गोऱ्यांना औषध कमी लागू पडते हे कसे कळणार? वंशाच्या अटीमुळे पेटंट मात्र २०२० पर्यंत लांबले.

दवाबाजारवाला
पेटंटचे मान्य, पण त्या चाचणीत मृत्यूंचे प्रमाण ४३ टक्क्यांनी घटले आणि ती मुदतीआधीच थांबवावी लागली, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. तीस वर्षे दुकान चालवतो आहे. गिऱ्हाईक जनुकांचा अहवाल आणत नाही, चिठ्ठी आणते.

माळव्याची लेक
चिठ्ठीवरून आठवले. माझ्या बाबांना चेहऱ्यातल्या कळांसाठी कार्बामाझेपिन दिले होते. बाराव्या दिवशी ताप चढला, ओठांवर खपल्या धरल्या आणि कूस बदलताना पाठीची कातडी चादरीला चिकटून आली. या औषधाने अशी कातडी सुटण्याचा धोका वाढवणारा जनुकाचा एक प्रकार आहे, एचएलए-बी*१५०२; आशियाई वंशाच्या रुग्णांची आधी त्यासाठी तपासणी करावी, असा इशारा अमेरिकेत २००७ पासून आहे. आम्हाला कोणी अवाक्षरही सांगितले नाही. बाबा वाचले, पण उजव्या डोळ्यात अजून दर दोन तासांनी थेंब घालते. रामबागकर, वंशाचे नावच नको म्हणणे तुम्हाला परवडते.

रामबागकर
ताई, वाचून फार वाईट वाटले. तरीही तपासायचे ते जनुकच ना? जनुकाचा हा प्रकार हान चिनी लोकांत बराच आढळतो, जपान्यांत अगदी विरळ. आणि जपानपासून झाबुआपर्यंत सगळे 'आशियाई' या एकाच पोत्यात!

माळव्याची लेक
पोते वाईट असेल, पण त्यावर निदान चिठ्ठी तरी होती. तपासणी कोणाची करायची हे कशावरून ठरवणार होतात, पत्रिकेवरून?

दवाबाजारवाला
कोलेस्टेरॉलच्या रोसुव्हास्टॅटिन गोळीचेही तेच. आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, असे तिकडच्या माहितीपत्रकात छापले आहे. माझ्या काउंटरवर येतात त्या १० आणि २० च्याच चिठ्ठ्या. पाचची पट्टी कपाटात पडून मुदत संपते, आणि कंपनी परत घेताना नाक मुरडते ते वेगळेच.

रामबागकर
बरे बाबा, कोणाला आधी तपासावे एवढे ठरवायला वंश विचारा. औषधाच्या मंजुरीत तो घालू नका. झाले समाधान? ताईंच्या वडिलांपुढे मी हरलो, तुमच्या पाचच्या पट्टीपुढे नव्हे.

दवाबाजारवाला
ती पट्टी पुन्हा मागवतो. पडून राहिली तर बिल रामबागेत पाठवीन.