जुना स्पर मिळालाय, खरंच मध्ययुगातला असेल का?

अडगळवाला:
लोखंडाचा एकच स्पर (घोड्याला टोचून पळवायला स्वार टाचेला बांधतो तो) मिळाला, जोडीतला दुसरा नाही. टाचेला बसणारा कमानीसारखा पट्टा, मागे बोटभर मान खाली वाकलेली, टोकाला सहा दातांची चक्री, अजून फिरते. विकणारा छातीठोकपणे सांगतोय की मध्ययुगातला, कुणा सरदाराचा. पटत नाही, पण चक्री बघून घोड्याची कीव मात्र आली. गंज बराच आहे, वायर ब्रश मारू का?

खोगीरभरती:
ब्रश आधी खाली ठेव!! जुन्या लोखंडी स्परवर बरेचदा कथलाचा मुलामा असायचा, बड्या लोकांच्या असेल तर सोन्याचा, आणि तो कुठेतरी खाचेत, चक्रीच्या फटीत जरासा उरलेला असतो, ब्रश मारलास की तोही गेला.
आता वयाचं. चक्रीवरून काहीच ठरत नाही. रोमन काळापासून स्परला नुसतं एक टोक असायचं, चक्री दिसायला लागते ती 13व्या शतकात, 14व्यात सर्रास झाली आणि मग आजपर्यंत आहेच. तू मान बघ. 15व्या शतकात माना चांगल्या वीतभर लांब झाल्या होत्या, कारण चिलखतातला स्वार पाय ताठ करून पुढे ताणून बसायचा, त्यात घोड्याच्या अंगावरही चिलखत, मग टाच कुशीपर्यंत पोचणार कशी? बोटभर मान त्यात बसत नाही.

टापटीप:
कीव करायची तर चक्रीपेक्षा एकट्या टोकाचा स्पर सोसणाऱ्या घोड्याची करा. दात जितके जास्त आणि बोथट तितका दाब वाटला जातो, शिवाय चक्री अंगावरून फिरत निघून जाते. चिलीतल्या स्परच्या चक्र्या बघा, तळहाताएवढ्या, दिसायला महाभयंकर, पण दात इतके दाटीने की टोचायला जागाच नाही. सहा दात तीक्ष्ण असतील तर मात्र बोचणार. अर्थात शेवटी सगळं पाय कुणाचा यावर आहे.

गंजलेला_खिळा:
सरदाराचा म्हणे 😄 सरदारांचे सोन्याचा मुलामा दिलेले असायचे, 1302 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्रेकला तिथल्या फ्लेमिश पायदळाने फ्रेंच सरदारांना लोळवलं आणि मेलेल्यांचे सोनेरी स्पर शेकड्यांनी गोळा करून चर्चमध्ये टांगले, लढाईचं नावच त्यावरून ‘सोनेरी स्परांची लढाई’ पडलं.
बरं, 19व्या शतकात युरोपात मध्ययुगाचं खूळ होतं, तेव्हाच्या नकला आता स्वतःच जुन्या दिसतात, म्हणून जपून. चक्री हलवून बघ, वापरलेली असेल तर खिळीचं भोक झिजून लंबगोल झालेलं असतं. गंजाचे खड्डे सगळीकडे एकसारखे असतील तर मला संशय येतो. आणि पट्ट्याच्या टोकांना काय आहे?

अडगळवाला:
भोक लंबगोल आहे, चक्री चांगलीच डुगडुगते. पट्टा आतून गुळगुळीत झालाय. दोन्ही टोकांना चपटी बटणं आहेत, त्यात चामडं अडकवत असावेत.

खोगीरभरती:
मग वापरलेला नक्की आहे. बटणं आणि वाकडी बोटभर मान हे 19व्या शतकातल्या स्परशी जास्त जुळतं, फार तर 20व्याच्या सुरुवातीचं. मध्ययुगाचे पैसे देऊ नकोस. पट्ट्याच्या आतल्या बाजूला भिंगाने बघ, त्या काळचे कारखानदार तिथे शिक्का मारायचे. पाणी लावू नकोस, मऊ कापडाने पूस आणि वर मेणाचा पातळ हात दे.