थेम्सच्या काठाने, मदतनिधीसाठी: तुमचे अनुभव सांगा

थेम्स पाथ 1996 साली राष्ट्रीय पायवाट म्हणून खुली झाली. केंबलजवळच्या उगमापासून लंडनपर्यंत सुमारे 294 किलोमीटर. सगळी म्हणा, थोडी म्हणा, पण एखाद्या संस्थेसाठी निधी जमवत जे चालले, त्यांनी लिहा. पुढच्या उन्हाळ्यात निघणाऱ्यांना उपयोग होईल.

*

सासरे शेवटी ज्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या आजारपणात रुग्णाची काळजी घेणाऱ्या संस्थेत होते, तिच्यासाठी मी ऑक्सफर्ड ते विंडसर चालले. पैसे मागायची फार भीड वाटायची. मग आवाहनात नुसतं 'मदत करा' न लिहिता, तिथली नर्स मध्यरात्री त्यांच्या कोरड्या ओठांना ओल्या बोळ्याने पाणी लावत बसायची, एवढंच लिहिलं. लोकांनी भरभरून दिलं. आणखी एक आवर्जून सांगते. देणारा ब्रिटनमध्ये कर भरत असेल तर त्याला 'गिफ्ट एड'वर खूण करायला सांगा. दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जास्तीचे मिळतात, देणाऱ्याच्या खिशाला झळ नाही. तिथे कर न भरणाऱ्या भारतातल्या नातेवाइकांना मात्र ती खूण करायला लावू नका. आणि चौघांची रोख गोळा करून आपल्या नावावर भरू नका, ज्याने त्याने थेट दिलेली बरी.

*

वाट सपाट म्हणून गाफील राहू नका. चढउतार नसले की पाऊल दिवसभर त्याच जागी घासतं. टाच चुरचुरायला लागली की तिथेच बसायचं, मोजा काढायचा, पाय कोरडा करून पट्टी लावायची. पुढच्या लॉकपर्यंत (बोटींना वर-खाली नेण्यासाठी नदीत बांधलेली दरवाजांची जागा) दामटलं की फोड आलाच.

*

लंडनजवळच्या टेडिंग्टनपासून पुढे समुद्राच्या दिशेने नदीला भरती-ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रिचमंडजवळ वाट पाण्याखाली जाते. गट घेऊन निघणार असाल तर भरतीच्या वेळा बघूनच निघा.

*

टी-शर्टवर संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत हवं. मार्लोच्या लॉकमध्ये पाणी भरत होतं, आम्ही बघत उभे होतो. शेजारच्या आजोबांनी नाव वाचलं. "माझी बायको याच आजाराने गेली," म्हणाले आणि तिच्याबद्दल बोलत राहिले. दरवाजे उघडले, बोट निघून गेली, तरी आम्ही तिथेच. रोजचं अंतर मुद्दाम पंधरा-सोळा किलोमीटरच ठेवलं होतं, म्हणून त्यांचं सगळं ऐकून घेता आलं.