पीएसक्यूएलमध्ये वेळ साडेपाच तास मागे का दिसते?

प्रश्न:
आमचा पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर डॉकरमध्ये (प्रोग्राम स्वतंत्र कप्प्यात चालवणारे साधन) चालतो. दुपारी 2 वाजून 5 मिनिटांनी आलेली ऑर्डर पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसचे टर्मिनलवरील साधन) 08:35:00+00 अशी दिसते, परंतु तीच नोंद डीबीव्हर या डेटाबेस पाहण्याच्या ॲपमध्ये उघडल्यास 14:05 ही बरोबर वेळ येते. सर्व जुन्या नोंदींत साडेपाच तास मिळवणारी अपडेट क्वेरी चालवावी, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर 1:
ती क्वेरी कृपया चालवू नका, कारण त्याने आज बरोबर असलेला डेटा कायमचा बिघडेल. वेळेच्या शेवटी असलेले +00 पाहा: यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळ) 8:35 म्हणजेच भारतातील 2:05. टाइमस्टँपटीझेड ('टाइमझोनसह टाइमस्टँप') प्रकारच्या कॉलममध्ये पोस्टग्रेस टाइमझोन साठवतच नाही. तो वेळ यूटीसीमध्ये ठेवतो आणि दाखवताना त्या त्या सेशनच्या (डेटाबेसशी झालेल्या जोडणीच्या) टाइमझोननुसार बदलून देतो. डीबीव्हर ज्या जेडीबीसी ड्रायव्हरमार्फत (जाव्हा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) जोडला जातो, तो ड्रायव्हर तुमच्या संगणकावरील जाव्हाचा टाइमझोन सेशनला लावतो. पीएसक्यूएल तसे करत नाही, म्हणून तेथे सर्व्हरचे सेटिंग लागू होते. 'शो टाइमझोन' ही कमांड दोन्हीकडे चालवल्यास फरक लगेच दिसेल. 'ऑल्टर रोल' या कमांडने आपल्या युजरला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन लावा आणि पुन्हा लॉगिन करा. केवळ स्वतःच्या टर्मिनलपुरते हवे असेल, तर पीजीटीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरेसे आहे.

उत्तर 2:
टाइमझोनचे नाव पूर्णच लिहावे. 'यूटीसी+5:30' असे लिहिल्यास पॉझिक्स या संगणक-मानकाच्या नियमानुसार अधिक चिन्हाचा अर्थ ग्रिनिचच्या पश्चिमेला असा होतो आणि वेळ आपल्यापेक्षा तब्बल 11 तास मागे जाते. त्याहून घातक म्हणजे नोंद भरताना वेळेपुढे 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळेचे लघुरूप) लिहिणे. आवृत्ती 18 च्या आधी, मूळ सेटिंग बदललेले नसेल, तर पोस्टग्रेस ती इस्रायलची वेळ समजतो. दुपारचे 2:05 मग आपल्याकडे 5:35 म्हणून दिसतात, आणि तेथे चूक खरोखर डेटातच शिरलेली असते.

प्रश्नकर्ता:
पीएसक्यूएलमध्ये यूटीसी आणि डीबीव्हरमध्ये एशिया/कोलकाता असेच उत्तर आले, त्यामुळे अपडेट रद्द केले आहे. मात्र ऑर्डर रद्द झाल्याची वेळ ठेवणारा कॉलम टाइमझोनविना असलेला टाइमस्टँप आहे. त्यालाही हेच लागू होते का?

उत्तर 1:
नाही. त्या कॉलममध्ये 'नाउ' या आत्ताची वेळ देणाऱ्या फंक्शनने भरलेली वेळ भरणाऱ्या सेशनच्या टाइमझोननुसार उतरते आणि तशीच राहते. नंतर पाहताना ती बदलत नाही. म्हणजे पीएसक्यूएलमधून भरलेल्या नोंदी यूटीसीच्या, तर डीबीव्हरमधून भरलेल्या भारतीय वेळेच्या असतील. कोणती नोंद कोणत्या मार्गाने आली हे आधी वेगळे करा, आणि मगच प्रत्येक गटाला त्याचा टाइमझोन 'ॲट टाइम झोन' या क्वेरीतील शब्दप्रयोगाने देऊन ती मूल्ये टाइमस्टँपटीझेडच्या नव्या कॉलममध्ये भरा.