लिनोकटमधलं पाणी वाहतच नाही!

मी ठाण्याची. येऊरच्या ओढ्याचा लिनोकट करतेय, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरून, शाई लावून कागदावर छापा काढतेय. खडक, झाडं छान उतरली, पाणी मात्र थिजलंय. नागमोडी रेघा कोरल्या, तर छाप्यात नांगरलेलं शेत दिसतंय. आणि बोटभर मासे वरून चिकटवल्यासारखे. तीन लिनो वाया गेले हो. काय चुकतंय?

उत्तर १: रेघा सारख्या अंतरावर कोरल्यात का? खडकाच्या बाजूने पाणी चेपून धावतं, तिथे दाट घ्या. खडकामागे ते रेंगाळतं, तिथे विरळ. जपानी चित्रकार होकुसाईने १८३० च्या दशकात छापलेले धबधबे बघा, नुसत्या लांब पट्ट्यांतून पाणी कोसळतं. कोरणी प्रवाहाच्याच दिशेने चालवा, मध्येच उचलू नका.

उत्तर २ (ऐरोलीहून): मासा अख्खा कोरूच नका, ताई. डोळा आणि पाठीची कड ठेवा, पाण्याच्या एक-दोन रेघा त्याच्या अंगावरून जाऊ द्या. मग तो पाण्याखाली जातो. वाहत्या पाण्यात मासे बहुतेकदा प्रवाहाकडे तोंड करून तग धरतात, तेही तपासा.

प्रश्नकर्ती: अहो, तिथेच घोळ! छापा उलटा उमटतो म्हणून ओढा आरशासारखा उलटवून गिरवला आणि मासे नंतर सरळच काढले. सगळे पाण्यासोबत वाहत निघालेत! काल नव्या लिनोवर एकच मासा कोरला, शेपटीवरून रेघ नेली. पहिला छापा काढला आणि मी कितीतरी वेळ त्या शेपटीकडेच बघत बसले. खडकामागचं पाणी अजून जड वाटतंय, तिथली शाई कमी करून बघते.