‘तुझी आकडी व तुझी काठी’: स्तोत्र २३ मधले शब्द

प्रश्न (शरणपूर रोड, नाशिक)

सासूबाई बऱ्याच दिवसांपासून अंथरुणाला खिळून आहेत. रविवारी पाळकसाहेब घरी प्रार्थनेला आले, तेव्हा त्यांनी बायबलमधलं स्तोत्र २३, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे, वाचलं. ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ ही ओळ आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “आकडीनं धीर कसा येतो गं?” मला तर आकडी म्हटलं की कैऱ्या काढायचा बांबूच आठवतो. इथे आकडी म्हणजे नेमकं काय?

उत्तर (सिन्नर)

ताई, वस्तू तीच. लांब काठी आणि टोकाला वाकडा आकडा. आमच्याकडे शेरडामेंढरांमागे हिंडणारे लोक तिने बाभळीची फांदी खाली ओढतात. जनावराचं तोंड पोचत नाही तिथला पाला आकडीमुळे त्याच्यापुढे येतो. त्यामुळे हा शब्द मला कधी परका वाटला नाही.

त्याच स्तोत्रातला ‘बसवतो’ही बघा: ‘तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो.’ पिकं निघाली की आमच्या भागात शेतकरी धनगरांना सांगतात, “आमच्या रानात मेंढरं बसवा.” रात्रभर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कळप बसतो, जमिनीला लेंडीखत मिळतं. पण बिचकलेलं किंवा उपाशी मेंढरू बसत नाही, उभंच राहतं. भूक भागली, भीती गेली, तेव्हा ते बसतं. आपण हा शब्द वाचताना पटकन पुढे जातो, पण राखणाऱ्याचं अर्धं काम त्यातच आलं.

उत्तर (नाशिक रोड)

मूळ हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत. ‘आकडी’च्या जागी ‘शेबेत’, म्हणजे दांडका. तो राजदंडासाठीही येतो, आणि लेवीय २७:३२ मध्ये कळपातली जनावरं मोजताना ज्या काठीखालून जातात तिच्यासाठीही. म्हणजे त्यात राखणही आली आणि मोजदादही. लूक १५ मध्ये शंभरांतलं एक मेंढरू हरवल्याचं मेंढपाळाला कळतं, कारण त्याला आपली मेंढरं माहीत आहेत. दुसरा शब्द ‘मिशएनेत’, टेकण्याची काठी. हा अर्थ सासूबाईंना समजावून सांगावा लागणार नाही. ‘म्हातारपणाची काठी’ आपण रोजच म्हणतो.

मला या स्तोत्रातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते एक छोटं सर्वनाम. सुरुवातीला सगळं ‘तो’ आहे: तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. पुढे ‘मृत्युच्छायेची दरी’ आली की लगेच ‘तू माझ्याबरोबर आहेस’. हा बदल मूळ हिब्रूतच आहे. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात थेट देवाशी बोलू लागतो. आणि मराठीत देवाला आपण आईसारखं ‘तू’च म्हणतो, त्यामुळे ती जवळीक आपल्या कानाला लगेच कळते.

पुन्हा प्रश्न (शरणपूर रोड)

दोघांचेही आभार. ‘मृत्युच्छायेची दरी’ सासूबाईंसमोर वाचायला जीभ रेटत नाही. तेवढा शब्द गाळला तर चालेल का?

उत्तर (नाशिक रोड)

हिब्रू ‘त्सलमावेत’चा अर्थ ‘गडद काळोख’ असाही करतात. ईयोबाच्या पुस्तकात तो अनेकदा त्याच अर्थाने येतो. ‘काळोखाच्या दरीतून’ म्हणालात तरी अर्थ सुटत नाही. पण ओळ गाळू नका. दरी गाळली तर ‘तू’ कुठून येणार? या स्तोत्रात मेंढपाळ दरी चुकवून नेत नाही, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर भरवसा आहे. माझ्या आजारपणात मला दुसरी वाट दिसत नव्हती. वाटेत तो बरोबर आहे एवढंच धरून मी चाललो. योहान १० मधला उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो, म्हणजे त्या दरीत तो स्वतः उतरलेला आहे.

उत्तर (सिन्नर)

‘दरीतूनही मी जात असलो तरी’ यातला ‘जात’ही ठळक वाचा ताई. कळप दरीत बसवत नाहीत, तिथून पुढे नेतात. बसायचं ते कुरणात.

प्रश्नकर्ती

आज संध्याकाळी पूर्ण स्तोत्र वाचेन, दरीसकट. आकडीचा अर्थ त्यांना बाभळीच्या फांदीवरूनच सांगते. त्यांचं माहेर येवल्याकडचं, त्यांना पटकन कळेल.