करवंदं: कधी काढावीत, कशी टिकवावीत? (ब्लूबेरीची कृती चालेल का?)

केळशीपार
दापोली तालुक्यात सड्यावर (कातळाच्या माळावर) करवंदाच्या भरपूर जाळ्या आहेत. यंदा सात-आठ किलो तरी काढून वर्षभर टिकवायचा विचार आहे. जंगली ब्लूबेरीचे व्हिडिओ पाहिले. फळं धुतात, फ्रीजरमध्ये टाकतात, हवी तेव्हा साखर घालून जॅम. करवंदाला हेच चालेल का? नेमकी कधी काढायची, चिकाचं काय करायचं, बियांचं काय करायचं, जाणकारांनी प्रमाणासह सांगावं. घरात मोठा फ्रीजर नाही.

सडेकर
चालणार नाही. रंग सोडला तर दोन्ही फळांत सारखं फार थोडं आहे. ब्लूबेरीला थंडी आणि आम्लधर्मी माती लागते. अमेरिकेत मेन राज्यात तिची झुडपं घोट्याएवढी असतात आणि फळं दातेरी फणीने ओरबाडून काढतात. तिच्यात चीक नसतो आणि बी खाताना जाणवतही नाही. करवंदाला फणी लावलीत तर हातात काटेच येतील.

आधी काय करायचं ते ठरवा, मग जाळीकडे जा. लोणच्याला आणि खाराला (मिठाच्या पाण्यात मुरवायला) लागतं ते फळ जेलीला चालत नाही आणि जेलीचं फळ सरबताला वाया जातं.

लोणचं, खार: पूर्ण हिरवं, कडक फळ. किनाऱ्याकडे मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. एक फळ नखाने चिरून पाहा. बी पांढरी आणि मऊ असेल तर तोडा. बी तपकिरी होऊन नखाला अडायला लागली की त्या जाळीचा लोणच्याचा हंगाम संपला.

जेली: लाल झालेलं, अजून काळं न पडलेलं.

सरबत, जॅम, नुसतं खाणं: काळं कुळकुळीत, हात लावताच देठापासून सुटणारं. ओढावं लागलं तर ते अजून आंबट आहे. एप्रिलच्या शेवटापासून मे पूर्ण. घाटात पंधरा-वीस दिवस उशिरा.

वळवाची मोठी सर येऊन गेली की टिकवण्यासाठी काढू नका. साल तडकते, गर पाणचट होतो आणि आत अळी सापडते. पहिल्या पावसानंतर करवंदं खायची नाहीत असं गावात म्हणतात, ते यामुळेच.

काढताना: सकाळी दव वाळल्यावर, नऊच्या सुमारास. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा आणि बूट. डाव्या हातात आकडी, तिने फांदी आपल्याकडे ओढायची आणि उजव्या हाताने फळ पिरगळून घ्यायचं. जाळीच्या बुडाशी हात घालण्याआधी काठी आपटा. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं हा विषारी साप सर्रास असतो, मातीच्या रंगात दिसतही नाही. खाली पडलेली फळं उचलू नका आणि दगड उलटवू नका, खाली विंचू असतो.

भांडं उथळ घ्या. परडीत चार बोटांपेक्षा जास्त थर झाला की खालची पिकी फळं फुटतात आणि घरी येईपर्यंत आंबायला लागतात. आणि सडा मोकळा दिसला तरी जमीन कुणाची तरी असते, विचारून जा.

नवखा_मुंबईकर
ओळखायची कशी? मुलांना घेऊन जाणार आहोत.

सडेकर
पानं समोरासमोर, जाड, चकचकीत. काटे जोडीने, बरेचदा टोकाशी दुभंगलेले. देठ तोडलं की पांढरा चीक. पण नुसत्या चिकावर जाऊ नका. पिवळ्या कण्हेरीलाही चीक असतो, दोन्ही एकाच कुळातली आहेत आणि कण्हेरीचं फळ विषारी आहे. तिला काटे नसतात. शेजारी घाणेरी माजलेली असते, तिची काळी बारीक फळं घोसाने येतात, तीही मुलांना तोडू देऊ नका. करवंद चिरून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ मुलांना शिकवा. तोडण्याआधी प्रत्येक फळ नीट बघायची सवय त्यातूनच लागते.

दादरा_बांधा
केळशीपार ताई, फ्रीजर नाही हे बरंच आहे. जुलैत वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा त्यातलं सगळं फेकावं लागतं. कोकणात मीठ आणि साखर यांच्यावरच भिस्त ठेवा.

चीक आधी काढा. हिरवी करवंदं देठं खुडून लगेच मिठाच्या पाण्यात टाका (एक लिटरला दोन मोठे चमचे), तासभर ठेवा, हाताने घोळवा, पाणी बदला. मग रोवळीत निथळून पंचावर पसरा. हाताला आणि सुरीला आधीच खोबरेल लावा. पातेल्याला चिकट कडं धरलं तर साबणाने घासत बसू नका. आधी खोबरेल चोळा, मग साबण. पिकी फळं मात्र वापरायच्या वेळीच धुवा. धुऊन ठेवलेलं करवंद दुसऱ्या दिवशी बुरसतं. न धुता सुपात पसरलेलं दोन दिवस राहतं, फ्रिजमध्ये चार-पाच.

खारातली करवंदं, सगळ्यात सोपी: १ लिटर पाणी आणि १५० ग्रॅम जाडं मीठ उकळून पूर्ण गार करा, गाळा. चिनी मातीच्या बरणीत १ किलो अख्खी हिरवी करवंदं भरून त्यावर ओता. फळ तरंगतं, म्हणून वर बशी ठेवा आणि बशीवर नदीचा गुळगुळीत गोटा. जांभा दगड नको, तो सच्छिद्र असतो आणि धुऊन कधी स्वच्छ होत नाही. फळातलं पाणी सुटून खार पातळ होतो, त्यामुळे आठव्या दिवशी आणखी ५० ग्रॅम मीठ घाला. बहुतेकांची बरणी नेमकी हे विसरल्याने बिघडते. वर पांढरा पापुद्रा धरला तर काढून टाका आणि फळं खाली दाबा. फळ बुळबुळीत झालं किंवा कुबट वास आला तर सगळं फेका. महिन्याभराने खायला. आधी दोन-तीन तास साध्या पाण्यात ठेवली की आमटीत कैरीच्या जागी चालतात.

लोणचं: ठेचून बिया काढलेली करवंदं १ किलो, मीठ २०० ग्रॅम, मोहरीची डाळ १०० ग्रॅम, तिखट ७५ ग्रॅम, तळून कुटलेली मेथी १५ ग्रॅम, हळद १५, हिंग १०, तेल ३०० मिली. मीठ-हळद लावून एक दिवस ठेवा, मग बाकीचा मसाला आणि गार केलेली फोडणी. तेल फळांच्या वर बोटभर दिसलं पाहिजे. वर दादरा (तोंडाला बांधायचं फडकं) बांधून आठवडाभर रोज ढवळा, मग घट्ट झाकण.

पाकतार
जेलीबद्दल मी लिहितो, कारण लोकांचं फसतं ते तिथेच.

करवंदात पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला घटक) आणि आंबटपणा दोन्ही मुळातच भरपूर. बाहेरून पेक्टिन नको, लिंबूही नको. पण फळ काळं पडत जातं तसं पेक्टिन कमी होतं, म्हणून दोन भाग लाल आणि एक भाग काळी घ्या. काळी फक्त रंगाला आणि वासाला.

१ किलो फळं हलकी ठेचा, १ लिटर पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवा. पंचात बांधून रात्रभर टांगा. पिळू नका. पिळलंत की गढूळ जेली ठरलेली. मिक्सरही नको, बिया फुटून रस तुरट-कडवट होतो.

पेक्टिन तपासायला एका बशीत चमचाभर गार रस, त्यात दोन चमचे स्पिरिट, हळूच हलवून दोन मिनिटं थांबा. एकसंध गोळा जमला तर रसाच्या मापाइतकी साखर. मऊ गुठळ्या झाल्या तर पाऊण माप. नुसते बारीक कण दिसले तर रस अजून आटवा. तो नमुना फेकून द्या, चाखू नका.

साखर विरघळली की आच मोठी. पसरट स्टीलचं पातेलं, एका वेळी लिटरभरच रस. लोखंड-ॲल्युमिनियम नको, आम्लामुळे रंग आणि चव दोन्ही जातात. किनाऱ्यावर पाणी १०० अंशांना उकळतं, जेली १०५ ला होते. थर्मामीटर नसेल तर कालथा तिरपा धरा. आधी थेंब एकेक पडतात, मग दोन थेंब कडेला एकत्र येऊन पडद्यासारखे सुटतात. त्या क्षणी गॅस बंद. फेस काढा, उकळून वाळवलेल्या गरम बाटल्यांत भरा आणि रात्रभर हलवू नका.

जमली नाही तर बहुधा फळं जास्त पिकलेली होती किंवा कालथ्याची परीक्षा होण्याआधीच उतरवली. खडे झाले तर साखर जास्त. चिवट ओढ धरली तर आच मंद ठेवून फार वेळ आटवलीत, ती परत जेली होत नाही, पोळीला लावा.

सरबत: काळी फळं, बुडतील इतकंच पाणी, साली फुटेपर्यंत गरम करा, उकळू नका. गाळलेल्या १ लिटर रसाला दीड किलो साखर. वर्षभर ठेवायचं तर तयार सरबताच्या लिटरला ०.७ ग्रॅम सोडियम बेंझोएट, थोड्या पाण्यात विरघळवून. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) वापरू नका, जांभळा रंग फिका पडतो.

दादरा_बांधा
जॅमला बिया काढायच्या तर शिजवलेला गर पुरणयंत्रातून काढा. हात दुखतात, पण बिया अख्ख्या वर राहतात.

आणि केकवरची लाल ‘चेरी’ पुष्कळदा करवंदच असते, बी काढून, रंगवून, पाकात मुरवलेली. घरी रंगाशिवाय करून पाहा. पाक एकदम घट्ट घेतलात तर फळ सुरकुततं, म्हणून रोज थोडी साखर वाढवत आठवडाभरात घट्ट करा.

केळशीपार
खार आणि जेली नक्की. बागेच्या कुंपणालाही लावायची आहेत, कलमं मिळतात का? आणि तोरणं (रानातली पांढरी फळं) पण टिकवता येतील?

सडेकर
दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ जात आहे, मोठ्या फळाची. तिथल्या रोपवाटिकेत विचारा. रानच्या जाळीची हवी असतील तर पुरणयंत्रातल्या बिया शिजलेल्या असतात, त्या रुजणार नाहीत. ताज्या पिक्या फळाची बी काढून धुवा आणि सुकू न देता लगेच पिशवीत लावा.

तोरणं टिकवायच्या भानगडीत पडू नका. जाळीपाशीच खायची.