गांजाची फुलं खुडताना गांधी उठतात, आता पीचही सोसेना

पानगळ: आमच्या प्रयोगशाळेत परवान्याने वाढवलेल्या गांजाच्या झाडांवर संशोधन चालतं. मी ओढत नाही, खात नाही. फुलं खुडायची, वाळवायची, दळायची, एवढंच काम. या हंगामात खुडताना मनगटांवर गांधी उठू लागल्या. दळताना शिंका थांबत नाहीत. आणि आता पीच सालासकट खाल्लं की ओठ खाजतात, टाळू चुरचुरतो. या दोन्हींचा काही संबंध असेल का? सहकारी म्हणतात, सवय होईल.

रानवारा: सवय होत नाही, बहुधा वाढतच जातं. मी ऍलर्जीचे रुग्ण बघतो, पीचचं वाचून लगेच लिहायला बसलो. गांजात ‘कॅन एस ३’ नावाचं प्रथिन असतं. त्याच कुळातली प्रथिनं पीचच्या सालीत असतात, तशीच सफरचंद, टोमॅटो, अक्रोड, हेझलनटमध्येही. शरीर एकावर बिथरलं की इतरांवरही बिथरू शकतं. ही प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत, त्यामुळे शिजवलेलं फळ चालेल असं धरून चालू नका. खाण्याच्या आसपास व्यायाम, दारू किंवा आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक झालं तर तेच फळ जास्त बाधू शकतं. तपासणीसाठी प्रमाणित तयार अर्क मिळत नाही. झाडाचाच भाग वापरून त्वचेवर टोचून बघतात, पण ते दवाखान्यातच. घरी अजिबात नको.

उंबरठा: ओढणाऱ्यांचे डोळे लाल होतात तेही हेच का?

रानवारा: नाही. टीएचसी या गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकामुळे डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती लाली. खाज, पाणी आणि शिंका सोबत असतील तर ऍलर्जीचा संशय घ्यावा.

तिळगूळ: मला हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाच्या, बिया खाऊन घसा आवळला होता, ऍड्रेनलिन हे जीवघेण्या ऍलर्जीवरचं औषध द्यावं लागलं. बियांत नशा नसते म्हणून मी निर्धास्त होते. पानगळ, तुम्ही त्याही टाळा.

रानवारा: अगदी बरोबर. पानगळ, रात्री खोकला येतो? छातीत घरघर?

पानगळ: खोकला येतो. सुट्टीवर गेले की थांबतो.

रानवारा: मग दळणं आजच थांबवा. सुट्टीत उतरणारा खोकला हे कामातून होणाऱ्या दम्याचं लक्षण असू शकतं. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ साली गांजा दळण्याच्या कारखान्यातली एक तरुण कामगार अशाच दम्याने गेली. नुसत्या मास्कवर विसंबू नका. डॉक्टरांना कामाचं स्वरूप सविस्तर सांगा, फुप्फुसांची तपासणी करून घ्या आणि वरिष्ठांना लेखी कळवा.

पानगळ: उद्याच लिहून देते.